चौडप्पांना मिळालेला दगड

कलावंताचा हेतू वयाबरोबर उदात्त होत जातो, हे सर्वमान्य आहे. तो कोणाच्या सोयीने होतो, एवढंच कोणी नोंदवत नाही.

कोलारकडच्या आमच्या शिल्पकारांच्या गावात मौनेशाचारी सर्वांत थोर. (आचारी म्हणजे आमच्याकडे शिल्पकार, स्वयंपाकी नव्हे.) त्यांच्यावर प्रभाव तीन: वडील, शिल्पशास्त्र आणि आमदार चौडप्पा. (पहिल्या दोघांना आता कोणी विचारत नाही.)

दगड निवडायचा नियम सोपा आहे. हातोडीने ठोकायचा. घंटेसारखा घुमला तर देव, झांजेसारखा किणकिणला तर देवी, बद्द वाजला तर पायरी. शारदेच्या मूर्तीसाठी आचाऱ्यांनी एक किणकिणणारा दगड अकरा वर्षं आवारातल्या नारळाच्या झाडाखाली जपला होता. हात थरथरायला लागण्याआधी तेवढं एक काम करायचं, एवढीच इच्छा. (इच्छेसाठी छापील अर्ज नसल्याने तिची नोंद नाही.)

चौडप्पांचा पुतळा ठरला. आचाऱ्यांनी शास्त्राला धरून बद्द दगड काढला. आमची पुतळा समिती (सदस्य सतरा, शिल्पाचे जाणकार शून्य) भडकली.

"आचारी, साहेबांना पायरीचा दगड?"

"शोभतो की त्यांना," आचारी म्हणाले.

समितीने आवारातले एकूण एक दगड ठोकले आणि नारळाखालचाच पसंत केला.

"अहो, ती बाई आहे!" आचारी ओरडले.

"मग मिशा कोरा," अध्यक्ष म्हणाले.

घरी आचाऱ्यांच्या बायकोने, गौरम्माने, सुनावलं, "जीभ आवरली असती, तर पायरीवर भागलं असतं."

आचाऱ्यांनी मिशा कोरल्या. पण पन्नास वर्षांची सवय. देवीच्या दगडाला करतात तसं शेवटच्या दिवशी उपास धरून त्यांनी सोन्याच्या सुईने डोळे उघडले आणि पहिली नजर झेलायला समोर आरसा धरला. चूक तिथे झाली. डोळे उघडले की पुतळा संपतो, देव सुरू होतो. त्याला रोज नैवेद्य लागतो, पाठ दाखवलेली चालत नाही. त्यामुळे आमच्या चौकातून बसही मागे मागे जाते. (अपघात नऊ; श्रद्धा समाधानकारक.) दगड देवीचा, म्हणून मंगळवार-शुक्रवारी साडी नेसवतात. चौडप्पा स्वतः येऊन स्वतःच्या पाया पडतात.

आचारी हल्ली पायऱ्याच घडवतात. परवा मी विचारलं, "आता कलेचा हेतू काय, आचारी?"

"कोणी घसरू नये," ते म्हणाले, आणि पुन्हा ठोकायला लागले. मला लाज वाटली. त्या सतरांत मीही होतो.

मूर्ती नवसाला पावते का, हे विचारायला रोज शंभर माणसं येतात. शारदेचं काय झालं, हे आजवर एकानेही विचारलं नाही. तुमच्याही ओठांवर पहिलाच प्रश्न आहे, दिसतंय मला.

पावते. येताना साडी कोरी आणा.