ऑइल बदलू नये

"मॅडम, माझा तक्ता पुन्हा तपासायची गरज नाही," असं संघर्षने छातीठोकपणे सांगून टाकलं, आणि पुढचं सगळं रामायण तिथून सुरू झालं.

राज्यात कशामुळे किती कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, याचा तक्ता लोअर परळच्या त्या सरकारी कक्षात दर सहा महिन्यांनी तयार होई. वीज, कारखाने, डिझेल असल्या वजनदार ओळी अनुभवी मंडळींकडे होत्या. तीन वर्षं कंत्राटावर असलेल्या संघर्षकडे यंदा प्रथमच आलं होतं वाहनांचं वंगण, म्हणजे गाड्यांचं इंजिन ऑइल आणि ग्रीस. या ओळीकडे कोणी ढुंकूनही पाहत नसे. पण त्याला कायम करण्याची फाइल कक्षप्रमुख गुणवंती मॅडमच्या टेबलावर पडून होती, आणि डिलाईल रोडच्या खोलीत शिरण्याआधीच आई त्याला रोज विचारायची, "झाली का सही?"

यंदा ही ओळ एकदम पाचपट फुगली. मॅडम जाम खूश! इतकी वर्षं कोणाच्या लक्षात न आलेली गोष्ट आपल्या कक्षाने पकडली, असं त्यांनी वर कळवलं. शिवाय आठवड्याभरात हुकूम काढला, की गाडीत ओतलेलं सगळं ऑइल जळून हवेत जातं, सबब कार्यालयाच्या गाड्यांचं ऑइल पुढची सूचना मिळेपर्यंत बदलू नये.

हुकूम घेऊन मॅडमचे ड्रायव्हर लवूमामा थेट संघर्षच्या टेबलापाशी आले. तीस वर्षं गाडी चालवलेला माणूस. त्यांनी शांतपणे विचारलं, "अरे, मी गाडीत चार लिटर ऑइल घालतंय. बदलताना साडेतीन लिटर काळा होऊन भायर काढतंय. मगे तू सगळा जाळलंस खंय?"

 संघर्षने उभ्या जन्मात सायकलपलीकडे काही चालवलं नव्हतं. ऑइल म्हणजे पेट्रोलचाच कोणी चुलत भाऊ, गाडीत ओतलं की जळून जाणार, असं त्याने धरलं होतं. घाईघाईने त्याने हिशोबाची नियमपुस्तिका उघडली. तिथे स्वच्छ लिहिलं होतं, की वंगणाचा फक्त पाचवा हिस्सा जळाला असं धरावं. त्याने सगळंच्या सगळं जाळून टाकलं होतं.

त्या दिवसापासून त्याचं जेवण सुटलं. वडिलांनी मोठ्या उमेदीने नाव ठेवलेलं, पण रांगेत कोणी मध्ये घुसलं तरी हा गुपचूप मागे सरकणारा! तीनदा तो मॅडमच्या केबिनपर्यंत गेला. एकदा त्या फोनवर होत्या, एकदा मीटिंगमध्ये, आणि तिसऱ्यांदा त्या रिकाम्या होत्या म्हणून तोच परत फिरला.

इकडे महिने उलटले आणि गाडी खोकायला लागली. एका सकाळी दादरच्या पुलावर ती चढाला बंद पडली, आणि मॅडमना मंत्रालयातल्या बैठकीला टॅक्सीने जावं लागलं. तिथे म्हणे त्यांनी सांगितलं, की पर्यावरणासाठी आम्ही एवढी झळ सोसतोच. हे ऐकून संघर्षला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं.

पुढचा तक्ता करताना त्याने जिवावर उदार होऊन बरोबर आकडा भरला. खाली टीप लिहिली : मागील आकडा माझ्या चुकीमुळे पाचपट आला होता. मग राजीनामा टाइप करून खिशात ठेवला आणि बोलावण्याची वाट पाहत बसला.

बोलावणं चौथ्या दिवशी आलं. मॅडम चक्क उभ्या राहिल्या.

"ऐंशी टक्के घट! सहा महिन्यांत! बैठकीत टाळ्या पडल्या, संघर्ष."

"मॅडम, ती खालची टीप..."

"टिपा कोण वाचतं? ही घ्या तुमची ऑर्डर. आजपासून तुम्ही कायम."

त्याचा हात खिशाकडे गेला. दारातली आई डोळ्यांपुढे आली. हात ऑर्डरकडे वळला.

"आणि हो," मॅडम म्हणाल्या, "पुढच्या वर्षी अजून ऐंशी टक्के कमी करू असं मी कबूल करून आलेय. जबाबदारी तुमची. ऑइलबंदी आता सगळ्या खात्यांना लागू होतेय."

संध्याकाळी पेढे घेऊन तो खाली लवूमामांकडे गेला. ते बॉनेट उघडून उभे होते. त्यांनी हात पुसले, पेढा उचलला आणि तोंडाशी नेता नेता विचारलं, "सांगितलंस मा मॅडमांका? आता बदलू ऑइल?"

"अजून एक वर्ष थांबा, मामा," संघर्ष बुटांकडे बघत म्हणाला.

लवूमामांनी पेढा परत बॉक्समध्ये ठेवला.