कौतिकाबाई फौजदार यांनी भूमितीच्या दिवशी विद्यागड राखिला त्याचे वर्तमान

श्रीकुलस्वामिनीचे पायी मस्तक ठेवोन आणि सरस्वतीमातेस फूल वाहोन हे वर्तमान लिहिले असे. शके १९४० विलंबीनाम संवत्सरे, फाल्गुन शुद्ध अष्टमी, गुरुवार, ते दिवशी एके दौलतीत दहावीच्या परीक्षेचा भूमितीचा प्रसंग होता. त्या दौलतीची चाल ऐसी, की लेकरे विद्यागडात पेपरास बसली की बाप, मामे, चुलते शिड्या घेवोन तटास भिडत आणि खिडक्यांतून चिठ्ठ्या आत टाकीत, ज्यांस रयत कॉपी म्हणते. यात कोणास पाप वाटत नसे, उलट जो चढला नाही त्यास सोयरे विचारीत, की लेकरावर तुमची माया नाही काय? मग हुजुरांची आज्ञा जाहली, की यंदा एक चिठ्ठी आत जाता कामा नये, आणि गडाचे रक्षणास कौतिकाबाई फौजदार यांची नेमणूक जाहली. बाईंनी अर्ज केला, की आपली सख्खी भाची वेणू याच गडात बसते, सबब दुसरा अंमलदार द्यावा. हुजुरांनी उत्तर दिधले, की दुसरा मनुष्य शिल्लक नाही, तुम्हीच जावे. मग बाईंनी देवापुढे हात जोडिले आणि वर्दी चढविली.

बाईंस गुरुवारचा उपवास असे. त्यांच्या मातोश्री गयाबाई साबुदाण्याचा डबा घेवोन सकाळीच चौकीवर आल्या आणि डबा हाती देता देता म्हणाल्या, "कौते, नोकरी कर, नाही कोण म्हणतं? पण दादा तुझा तिकडं आला तर जरा दुसरीकडं बघ. पोरीचं वर्ष आहे."

"आई, दादाला येऊच देऊ नको ना."

"तो माझं ऐकतो व्हय? आणि सांगून ठेवते, भावाला धरलंस तर माझ्या दारात पाऊल टाकू नको." ऐसे बोलोन मातोश्री गेल्या, आणि बाईंनी तो डबा न उघडताच बाजूस ठेविला. बाप वारल्यावर याच दादाने त्यांस शिकविले होते, आणि माहेर म्हणोन जे काय होते ते ती माउली आणि हा भाऊ इतकेच होते.

अकरा वाजता घंटा जाहली आणि वेढा पडला. पूर्वेकडोन मामेमंडळी, पश्चिमेकडोन चुलते, ऐसे चालोन आले, आणि बाईंचे शिपायांनी काठ्या आडव्या धरोन शर्थ केली, आणि तीन शिड्या जप्त जाहल्या, आणि एक मामा चिखलात बसला. परंतु बाईंचे बंधू सखाहरी हे वीजखात्यात वायरमन, उभे आयुष्य खांबांवर गेलेले, त्यांस शिडीची काय गरज? त्यांनी कमरेस पट्टा आवळिला आणि मागील बाजूचे पाण्याचे नळास धरोन पाहता पाहता दुसरा मजला गाठिला, आणि वेणूचे बाकाकडे नेम धरोन पुडके आत टाकिले. खालची फौज ओरडली, "वा रे वाघा!" हवालदार इनूस तडवी बाईंचे जवळ होते, ते हळूच म्हणाले, "बाईसाहेब, तिकडं बघूच नका. मीबी बघत नाही. वानर होतं म्हणू."

बाईंनी वर पाहिले. मग त्या मोठ्याने बोलल्या, "सखाहरी गणपत सोनवणे, खाली उतरा!" आणि लागलीच बहिणीचे सुरात म्हणाल्या, "दादा, पट्टा नीट धर, नळ ओला आहे."

"कौते, घरी जा ना बाई," ऐसे वरून उत्तर आले.

"तुला घेऊनच जाते, उतर."

दादा उतरले आणि बाईंनी त्यांचे मनगट धरिले. गर्दीतून एक चुलता ओरडला, "राखी बांधायच्या हाताला बेड्या घालती! ही बहीण का वैरीण?" बाईंनी मान खाली घातली, परंतु मनगट सोडिले नाही.

इतक्यात आत अनर्थ जाहला. पर्यवेक्षकास वेणूचे बाकाखाली पुडके सापडले, आणि त्यांनी तिचा पेपर ओढोन घेतला आणि म्हणाले, कॉपी सापडली, वर्ष गेले. लेकरू बाकापाशी उभे राहिले. तडवी धावत आले आणि बाईंचे कानी लागले, "पुडकं माझ्या हाती येऊ द्या, नाहीसं करतो. पुरावा नाही तर भाऊही सुटला, भाचीही."

बाई म्हणाल्या, "पुडकं नाहीसं झालं तर पोरीवरचा डाग जन्मभर राहील. पंचनामा करा. माझ्या भावाचं कागदपत्र माझ्या हातून नको, तुम्ही लिहा. जे डोळ्यांना दिसेल तेवढंच लिहा, माझ्याकडं बघू नका."

मग शाळेचा एक शिपाई आणि पाणी देणारी अंजनाबाई ऐसे दोन पंच बसले, आणि तडवींनी लिहावयास घेतले. पुडके बोटाएवढे, वर हळदकुंकू, भोवती पिवळा दोरा, दोऱ्यास सात गाठी, सातही शाबूत. पर्यवेक्षकांनी एक गाठ सोडावयास घेतली, नख मोडले. मुख्याध्यापकांनी दात लाविले, ते हलले, म्हणोन थांबले. तेव्हा तडवींनी दादांस पुढे बोलावोन विचारिले,

"ही गाठ कसली?"

"तारेची. वादळात तार सुटू नये म्हणून मारतो ती." दादा ओशाळले. "काल चिठ्ठी देवीपुढं ठेवली, तीर्थ शिंपडलं, सात गाठी मारल्या. पोरीला यश यावं म्हणून."

"आणि पोरीनं ती सोडायची कशी?"

दादांनी पुडके उलटेपालटे करोन पाहिले. "ते राहिलंच."

अंजनाबाई तोंडास पदर लावोन हसल्या. मग दादांनी पंचांसमक्ष साती गाठी चुटकीसरशी सोडविल्या, तो आत तीर्थाने भिजलेला पिवळा लगदा, अक्षर एकही नाही. मुख्याध्यापक म्हणाले, "मुलीनं हे उघडलंच नाही, हे तर लेखीच झालं. तिचा पेपर द्या, आणि गेलेली मिनिटंही द्या." वेणूने पेपर घेतला, आणि बसण्यापूर्वी बापाकडे पाहोन म्हणाली, "बाबा, मला येत होतं हो सगळं." तेव्हा खांबावर वादळास न भ्यालेला तो पुरुष भिंतीकडे तोंड करोन रडला.

बाईंनी भावास सोडिले नाही. गुन्हा दाखल जाहला, दादांनी न्यायाधीशांपुढे कबुली दिधली, आणि कोर्ट उठेपर्यंत कैद ऐसी शिक्षा जाहली, ती ते भिंतीलगतचे बाकावर सरळ बसोन भोगते जाहले. वार्ता गावोगाव फुटली, की जिने सख्ख्या भावास धरिले ती आपणांस काय सोडते? आणि पुढील पेपरास बाई गडावर गेल्या तो तटास एक शिडी नाही. बापमंडळी शंभर पावलांवर निंबाखाली मुकाट बसलेली. त्या वर्षी गड पडला नाही.

परंतु मातोश्रींचा शब्द कायम होता आणि बाई माहेराकडे फिरकल्या नाहीत. मग वैशाख शुद्ध तृतीया आली, जीस आखाजी म्हणतात, त्या दिवशी भावाने मुराळी होवोन बहिणीस माहेरी न्यावे ऐसी रीत. निकाल लागावयाचा होता, वेणूचे काय होते ते कोणास ठाऊक नव्हते. दुपारी ठाण्याचे दारी मोटारसायकल थांबली. तडवींनी विचारिले, "काय दादा, फौजदारबाईंकडं काम?"

"फौजदारबाईंकडं काय काम? एकदा पडलं, तेवढं पुरे," दादा म्हणाले. "मी माझ्या बहिणीला न्यायला आलोय. आईनं पुरणाला डाळ टाकली, म्हणाली, तिला घेतल्याशिवाय आलास तर तुलाही जेवण नाही."

बाई उठल्या, आणि अख्खे ठाणे सलाम करोन उभे राहिले, तो सलाम पहिल्यांदा दादांनी आपणांसच समजोन घेतला आणि लाजोन परत केला. मग बाई भावाचे मागे बसोन भर बाजारातून माहेरी गेल्या, आणि मातोश्रींनी उंबऱ्यावर भाकरतुकडा ओवाळोन टाकिला आणि आधी ताट वाढिले.

एवं हे वर्तमान. पुढे वेणूबाई बासष्ट टक्के मिळवोन उत्तीर्ण जाहली, एकूण एक टक्का तिचा स्वतःचा. कर्तव्य राखिले, म्हणोन नातेही राहिले. कुलस्वामिनी सर्वांस ऐसीच बुद्धी देवो.