उसनं बोट

आमच्या बिल्डिंगमध्ये साखर, शिडी, इस्त्री आणि प्रसंगी भरलेला सिलिंडर उसना मागणारी माणसं आहेत. बोट उसनं मागणारा माणूस एकच. सर्जेराव तात्या.

सकाळी सात चाळीसला आमची बेल वाजते. सात चाळीस म्हणजे सात चाळीस. मी दोन महिने भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं आहे, फरक कधी दोन मिनिटांच्या वर गेला नाही. दार उघडलं की तात्या मोबाइल आरतीच्या तबकासारखा दोन्ही हातांत धरून उभे.

"साळवीसाहेब, बोट हाय का घरात?"

जणू मी ते कपाटात ठेवून अंघोळीला जातो. मी पुढे होतो, काचेवर बोट टेकवतो आणि तात्यांचं बिटकॉइनचं खातं उघडतं. ते आकडा बघतात, "हं" करतात आणि आत येऊन खुर्चीवर बसतात. तोवर सुनंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, तिसरा कप गाळलेला असतो.

तात्या मूळचे साताऱ्याकडचे. चौतीस वर्षं त्यांनी कांदा-बटाटा मार्केटमध्ये गोण्या उचलल्या. निवृत्त झाल्यावर कामोठ्यात आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर घर घेतलं. मुलगा पुण्याला. त्याला मूल झालं तशा तात्यांच्या पत्नी मंगलावहिनी नातीला सांभाळायला तिकडे गेल्या, त्याला आता दोन वर्षं झाली. मुलाचा फ्लॅट वन बीएचके आहे. तात्या दिवाळीत चार दिवस जातात, सोफ्यावर झोपतात आणि पाठ दुखते म्हणून परत येतात.

हे खातं मुलानेच काढून दिलं. वडिलांनी नातीसाठी बाजूला ठेवलेले थोडे पैसे त्यात घातले आणि सांगितलं, "तात्या, हे बिगरपासवर्डचं खातं आहे. काही लक्षात ठेवायचं नाही. तुमचं बोट हाच पासवर्ड."

घोळ तिथेच झाला. मोबाइलने तात्यांचं एकही बोट ओळखलं नाही. चौतीस वर्षं गोणपाट घासून बोटांवरच्या रेषा पार गुळगुळीत झालेल्या. मुलाला पुण्याची गाडी गाठायची होती. आम्ही चौघं शेजारी चहाला म्हणून तिथे बसलेलो होतो. त्याने घाईघाईत आमचीच बोटं नोंदवली आणि तो गेला.

तेव्हापासून तात्यांचा हात बिल्डिंगभर पसरलेला आहे. हे त्यांचेच शब्द. मी सोसायटीचा खजिनदार म्हणून अंगठा. दुसऱ्या मजल्यावरच्या तांडेल काकू उरणजवळच्या मोरा कोळीवाड्याच्या माहेरवाशीण, बोलताना समोरच्याच्या नाकासमोर बोट नाचवतात, त्या तर्जनी. वॉचमन यादव गेटच्या मधोमध बसतो म्हणून मधलं बोट. आणि चौथ्या मजल्यावरच्या पिल्लईंच्या हातात पोवळ्याची अंगठी, म्हणून ते अनामिका. सकाळी अंगठा, अकराला तर्जनी, दुपारी मधलं बोट, संध्याकाळी सहाला अनामिका. रविवारीसुद्धा.

मला हिशेबात चूक दिसली की गप्प बसवत नाही. मी म्हणालो, "तात्या, बिटकॉइनचा भाव बघायला खातं उघडावं लागत नाही. भाव कुठेही फुकट दिसतो. तुमच्या मोबाइलमध्ये भाव दाखवणारी तीन ॲप आहेत."

"तीन हायेत, कारन एकाच्या भावावर इस्वास ठेवायचा नसतो. तीन गाळ्यांवर इचारायचं."

"मान्य. पण तुमच्या खात्यात नाणं किती आहे हे ठरलेलं आहे. ते वाढत नाही, घटत नाही. भाव गुणिले नाणं, की झाला तुमचा आकडा. कॅल्क्युलेटरवर बारा सेकंद लागतात. मी मोजलेत."

तात्यांनी कप खाली ठेवला. "गुनाकार तुमचा, भाव त्यांचा. मग माजं काय ऱ्हायलं त्यात?"

मग मी पिनचा विषय काढला. बोट चाललं नाही तर सहा आकड्यांचा पिन टाकूनही खातं उघडतं, तशी सोय खालीच लिहिलेली असते. पिन तात्यांना पाठ होता, हेही मला माहीत होतं.

"पिन म्हंजे पासवर्डच की वो! पोरगं म्हनालंय, बिगरपासवर्डचं खातं हाय. त्यात आकडे घालायचे म्हंजे लबाडी झाली. आनि रोज वापरला तर पिन झिजतो."

"पिन कसा झिजेल?"

त्यांनी दहाही बोटं माझ्यासमोर धरली. "ही न्हाईत का झिजली?"

पिनचा विषय मी तिथेच बंद केला.

तात्यांचा या व्यवहारावरचा मुख्य आक्षेप वेगळाच आहे. ॲप भाव दाखवतं, चढउताराची रेघ दाखवतं, पण आवक दाखवत नाही. "आज किती गाड्या आल्या त्ये कुटं लिवलंय? आवक कळल्याबिगार भाव म्हंजे निस्ती आवई." नवी नाणी किती निघतात हे मी शोधून सांगितलं तर म्हणाले, "आन उठाव? माल उचलतंय किती?" शेवटी भाव स्वतःला समजावा म्हणून त्यांनी त्याचं कांद्याच्या गोण्यांत रूपांतर सुरू केलं. सोसायटीच्या फळ्यावर पाण्याच्या वेळेखाली खडूने एक ओळ असते: आज एका नाण्याच्या गोण्या अमुक. मोजायला मला देतात. गोण्यांचा आकडा एकदा माझ्या हातून दहाने चुकला, तर दुसऱ्या दिवशी त्यांनी तो सगळ्यांसमोर दुरुस्त करून लिहिला आणि खाली 'चूक: अंगठा' असं घातलं.

भाव हलला की मोबाइल सूचना देतो. इतरांचा टुण् करतो. तात्यांनी स्वतःचाच आवाज भरून ठेवला आहे. भाव चढला तर "उचल!" आणि उतरला तर "ठेव!" आवाज हमालांची अख्खी टोळी हलवणारा, मार्केटमधला. गेल्या वार्षिक सभेत मी मेंटेनन्स वाढवण्याचा ठराव मांडत होतो. पंपाची दुरुस्ती, गच्चीची गळती, सगळे आकडे तोंडपाठ. "म्हणून मी सुचवतो की दरमहा दोनशे रुपये..." इतक्यात तात्यांच्या खिशातून गर्जना झाली, "ठेव!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. ठराव पुढे ढकलला गेला. गच्ची अजून गळते.

तर असं सगळं सुरळीत चाललं असताना खात्याकडून एक सूचना आली. सुरक्षिततेसाठी प्रत्येकाने पंधरा दिवसांत लॉगिन नव्याने नोंदवावं. मोबाइलमध्ये फक्त खातेदाराचीच ओळख असल्याची खात्री द्यावी. नाही केलं तर खातं थांबवण्यात येईल.

मला मनातून बरंच वाटलं. चार परक्या माणसांच्या बोटांवर एखाद्याचे पैसे उघडावेत, त्यातलं एक बोट माझं असावं, ही गोष्ट मला पहिल्या दिवसापासून टोचत होती. मी तात्यांना खुर्चीवर बसवून सूचना दोनदा वाचून दाखवली.

"म्हंजे तुमची बोटं काडायची?"

"चौघांचीही. फक्त तुमचं राहील."

"मंग कुनाकडं जायला नको?"

"अजिबात नको. घरबसल्या उघडेल."

"बरं," तात्या म्हणाले. चहा अर्धा ठेवून उठले. मी तेव्हा पंधरा दिवसांचं वेळापत्रक आखत होतो, म्हणून अर्ध्या कपाची नोंद मी घेतली पण अर्थ लावला नाही.

बिल्डिंग कामाला लागली. सुनंदाने ग्लिसरीन दिलं. तांडेल काकूंनी खोबरेल तेलाची वाटी पाठवली आणि पाठोपाठ स्वतःही आल्या. "रातचा लावून झोप रं तात्या. भांडी घासू नको, मी घासतंय. तुजा बोट बरा झाला की माजा रोजगार गेला म्हन!" पिल्लईंनी हातमोजे आणून दिले. तात्या आठ दिवस हातमोजे घालून गेटवर यादवशेजारी बसत. बघणाऱ्यांना वाटे, सोसायटीने गॅरेजवाला ठेवलाय.

नवव्या दिवशी मी दहा बोटं क्रमाने घेतली. उजवा हात पूर्ण नापास. डावा अंगठा नापास, तर्जनी नापास. तात्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू समाधान पसरत होतं, तेही मी पाहिलं. शेवटी राहिली डावी करंगळी. गोणी धरताना हिचा कधी आधारच घेतला नव्हता, ती आपली चौतीस वर्षं बाजूला उभी होती. टेकवली मात्र, मोबाइल थरथरला. पुन्हा टेकवली, पुन्हा थरथरला. नोंद झाली!

सुनंदाने साखर वाटली. मी चौघांची बोटं एकेक करून काढली, खात्रीच्या चौकोनावर तात्यांच्याच हाताने टिचकी मारून घेतली आणि तारीख घालून कागद फाइलला लावला. तात्यांनी करंगळीने खातं उघडलं, आकडा बघितला आणि "हं" न करताच मोबाइल खिशात घातला.

दुसऱ्या दिवशी सात चाळीसला बेल वाजली नाही. ते साहजिकच होतं. तिसऱ्या दिवशीही नाही. फळ्यावर पाण्याची वेळ होती, गोण्या नव्हत्या. तांडेल काकू जिन्यात भेटल्या. "अंगठा, तुज्याकर तरी आयलाय का त्यो? माज्याकर चार दिवस नाय." पिल्लईंनी संध्याकाळी सहाला दार उघडून बघितल्याचं मला त्यांनीच सांगितलं. सुनंदा रोज तिसऱ्या कपाचं पाणी ठेवत होती आणि मग तो चहा मीच पीत होतो. मला ॲसिडिटी झाली.

मी एकदा खाली जाऊन विचारलं. तात्या टीव्हीसमोर बसले होते, टीव्ही बंद होता. "खातं उघडतंय ना?" मी विचारलं.

"उगडतंय की. झ्याक उगडतंय. एका झटक्यात."

सुरक्षिततेच्या दृष्टीने काम चोख झालं होतं. मला त्यात कुठेही चूक काढता येईना आणि रात्री झोपही लागेना.

आठव्या दिवशी सात चाळीसला बेल वाजली.

दारात तात्या. मोबाइल दोन्ही हातांत. डाव्या करंगळीला ही एवढी पांढरी पट्टी. "कांदा चिरताना इळी लागली," ते माझ्या खांद्यावरून आत बघत म्हणाले. "आता ही चालत न्हाई. साहेब, तुमचं बोट घालता का परत?"

आता मी सरळ माणूस आहे. खात्रीची टिचकी मीच मारायला लावली होती. पण मी मोबाइल घेतला, तात्यांनी काचेकडे न बघता पिनचे सहा आकडे भराभर दाबले आणि मी माझं बोट नोंदवलं. फाइलमध्ये 'जखम भरेपर्यंत तात्पुरती व्यवस्था' असं लिहिलं. अकरापर्यंत तांडेल काकू, दुपारपर्यंत यादव, सहाला पिल्लई. फळ्यावर गोण्या परत आल्या.

आठवडा गेला, दुसरा गेला. कांदा चिरताना झालेली जखम फार तर पाच-सहा दिवस टिकते. ही टिकून होती. पट्टीवर रक्ताचा ठिपका मी एकदाही पाहिला नाही. एका गुरुवारी ती उजव्या करंगळीला होती, शुक्रवारी परत डावीला गेली. मी बोलणारच होतो, पण सुनंदाने मला स्वयंपाकघरात हाक मारली आणि तिथे तिचं काहीच काम नव्हतं.

सोळाव्या दिवशी तिनेच विषय काढला. "तात्या, इकडे बसा. पट्टी केवढी मळलीय बघा, जखम चिघळेल."

तात्यांनी हात मागे घेतला. "ऱ्हाऊ द्या वहिनी, मी खाली बदलतो."

सुनंदा या घरात कुणाचं ऐकत नाही. तिने हात ओढून घेतला आणि पट्टी सोडायला लागली. चार वेढे होते. तात्या पंख्याकडे बघत राहिले. शेवटचा वेढा सुटला. आत करंगळी होती, पांढरीफटक, सुरकुतलेली आणि धडधाकट. साधा ओरखडासुद्धा नाही.

मी तोंड उघडलं. सुनंदाने माझ्याकडे एकदा बघितलं, मी ते मिटलं.

तिने आतून हळद आणली, स्वच्छ सुती कापड आणलं. त्या धडधाकट बोटावर हळद दाबली आणि नीट, घट्ट पाच वेढे दिले.

"बरंच खोल गेलंय हो," ती म्हणाली. "अजून पंधरा दिवस तरी लागतील. पाण्यात घालू नका."

तात्यांनी पंख्यावरची नजर खाली आणली. पट्टीकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"पंदरा पुरतील का वहिनी?"

"बघू," सुनंदा गाठ मारत म्हणाली. "नाही पुरले तर वाढवू."