चिडाच्या रोपाला कूलर

माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, आणि शुद्धलेखन चौथीत सुटलं ते सुटलंच. वाचणाऱ्याने रागावू नये. पण शेजारचे गणपतभाऊजी झाडाशी हिंदीत बोलतात, हे कुठेतरी लिहून ठेवायलाच पाहिजे.

भाऊजींची हयात गेली उत्तरेत, ट्रकवर. पहाडातले चिडाचे, म्हणजे पाइनचे, ओंडके कागदाच्या कारखान्यात पोचवायचे. म्हातारपणी आमच्या धाड गावाला परत आले ते तेलाच्या डब्यात चिडाचं रोप घेऊन. "इसकू मराठी नई समजती," म्हणत आणि रोज सकाळी त्याला विचारत, "क्या भई, नींद हुई क्या?" बायकोला, शांताबाईंना, असं विचारल्याचं मी तरी भिंतीपलीकडून कधी ऐकलं नाही.

कागदाचाही भारी पुळका. पेपरावर कोणी भजी ठेवली की गुरकावत, "बर्फात वाढलेलं लाकूड हाय बे ते! त्याले तेल काऊन पुसून राह्यला?" रद्दी विकायची नाही. शांताबाई पलंगावर, रद्दी पलंगाखाली. दोघींत मान रद्दीला.

उन्हाळा लागला तसे माझ्याकडे आले. "वहिनी, शांतीले उकाडा सोसत नाई. कूलरले पैसे द्या, दिवाळीपर्यंत फेडतो."

पैसे मी नव्या शिलाई मशीनसाठी जमवले होते. पण मला नाही म्हणता येत नाही. दिले. दुसऱ्या दिवशी कूलर लागला अंगणात, रोपाच्या तोंडाशी!

"मले जन्मात पंखा घेतला नाई," शांताबाई कडाडल्या, "अन् या काडीले कूलर!"

"तू इथलीच हायेस. तुले सवय हाय."

मरो ते झाड, मीही मनात म्हटलं.

मे महिन्यात वीज गेली ती दोन दिवस आलीच नाही. भाऊजी रोपाला ओलं पोतं गुंडाळून हातपंख्याने वारा घालत बसले. तरी सुयांसारखी पानं तांबूस झाली, गळली. संध्याकाळी भिंतीपलीकडून आवाज आला. हिंदी नव्हती.

"चांगला थंड मुलखात व्हता रे. मले तिकडची याद यायची, म्हून तुले आणलं. माफ कर बापा."

कूलर शांताबाईंच्या पलंगापाशी गेला. पैसे थोडे थोडे येत राहिले. शेवटचे काल आणून दिले, पेपरात गुंडाळून.

"भाऊजी, पेपर फाडला?"

"आता काय. लाकूडच ते."

मी नोटा मोजल्या. देणं पुरतं फिटलं होतं. कागद मी हाताने सरळ करून परत दिला. त्यांनी त्याची हळूच घडी घातली आणि वरच्या खिशात ठेवली.