लांबी लावलेली जीप

माझ्या जीपच्या डाव्या मडगार्डवर रंगाला एक फुगा आला होता. टिकलीएवढा. तो मी नखाने खरवडला, एवढीच काय ती माझी चूक. (बायकोच्या मते खरी चूक तिच्या वडिलांची. बावीस वर्षांपूर्वी जावई पाहताना झालेली.)

जीप मी आलापल्लीच्या एका लाकूड ठेकेदाराकडून घेतली. फोर-व्हील, जुनी, हिरवी, वरून कापडी टप. सावली गावच्या एका कचेरीत मी आवक-जावक सांभाळतो. घरापासून कचेरी चारशे पावलं. मग चारही चाकांत जोर असलेली गाडी कशाले, असं बायकोने, गोकुळाने, विचारलं तेव्हा मी म्हणालो, "तुला नाही कळायचं." जी गोष्ट मलाच कळलेली नसते ती समजावताना मी हेच वाक्य वापरतो.

पण लवकरच कारण सापडलं. गोकुळाच्या भावाची मुलगी आचल, तिचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झालं. मुलगा प्रणित, घर आलापल्लीच्या पुढे आणि नोकरी भामरागडला, शाळेवर. पंगतीत मी उभा राहिलो आणि जाहीर केलं की पोरीची बिदाई माझ्या जीपमधून होईल, कारण तिकडचे रस्ते साध्या गाडीचे नाहीत. पाव्हण्यांनी माना डोलावल्या. सासरे मुखरूमामा तेवढे वरणात भात कालवत राहिले. सत्तरी गाठलेला माणूस, जन्मभर गावच्या तलावात डोंगा घालून मासोळ्या धरलेला. सही करताना अजून जीभ बाहेर काढतो. त्याच्याकडून कौतुकाची अपेक्षा मी कधीच ठेवली नव्हती.

लग्नाला तीन आठवडे होते आणि मी तो फुगा खरवडला.

हिरव्याखाली खाकी रंग निघाला, खाकीखाली लाल, लालखाली राखाडी लांबी. लांबी म्हणजे पत्र्याचे खड्डे बुजवायचा लेप. ती खरवडली आणि तिच्याखाली पत्रा लागायच्या ऐवजी मला आमची कोंबडी दिसली. आरपार.

"गाडी चालत होती ना?" गोकुळा ओसरीतून म्हणाली. "मंग काऊन कुचरून राह्यले?"

"जंग मुळापासून काढावा लागतो. याला सरफेस प्रिपरेशन म्हणतात."

"अन् भोकाले का म्हंतेत?"

मोबाईलवर एका परदेशी माणसाचे एकवीस व्हिडिओ मी पाहिले होते. तो हातमोजे घालून, शिट्टी वाजवत, अशी गाडी अर्ध्या तासात नवी करतो. चौकातला पेंटर दसरू येऊन गेला. त्याने बोटाच्या पेराने गाडी ठोकून पाहिली आणि म्हणाला, "साहेब, इच्यात पत्रा कमी अन् लांबीच जास्त हाय. खरवडू नका. वरून रंग मारून देतो." दहावी नापास माणसाचा सल्ला मी पदवीधराने का ऐकावा? त्याला चहा पाजून वाटेला लावलं आणि संध्याकाळपर्यंत जीपची पूर्ण डावी बाजू खरवडून काढली. जे उरलं त्यातून पीठ चाळता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी मुखरूमामा मासोळ्या घेऊन आले. गाडीभोवती एक चक्कर मारून ते खाली बसले.

"जवाई, डोंग्याले भोक पडला तं आमी पत्रा मारतो. लेप नाई लावत."

"मामाजी, हा डोंगा नाही. याला बॉडी फिलर येतो. केमिकल असतं."

"पाणी नाई जात त्याच्यातून?"

"गाडी पाण्यात घालायची आहे का?"

"नाई," मामाजी म्हणाले, "पण पोरगी घालाची हाय."

अडाणी माणसाला शास्त्र कुठवर समजावणार? मी चंद्रपूरहून मोठा डबा आणला. आतून कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी आणि जुनी वर्तमानपत्रं लावली, बाहेरून लेप. लेपात हार्डनर किती घालायचं ते डब्यावर इंग्रजीत लिहिलं होतं: गोल्फच्या चेंडूएवढ्या लेपाला वाटाण्याएवढं. गोल्फचा चेंडू मी पाहिलेला नाही. अंदाजाने अर्धी ट्यूब पिळली. मे महिना, ऊन सेहेचाळीस अंश. लेप सारायची पट्टी गाडीला लावेपर्यंत लेप दगड झाला आणि पट्टी, गमछा आणि मी असे तिघेही मडगार्डला चिकटलो. गोकुळाने गमछा कात्रीने कापून मला सोडवलं.

दुसऱ्या खेपेला हार्डनर कमी घातलं. लेप दोन दिवस वाळेना. कोंबडी त्यावरून चालून गेली, आणि तिच्या पायांचे ठसे जीपच्या पूर्ण लांबीवर इतके नीट उमटले की कॉलेजात शिकणारी माझी मुलगी दिव्यानी फोटो काढून मैत्रिणींना पाठवत बसली.

तिसऱ्या खेपेला मात्र प्रमाण जमलं. जमलेली गोष्ट माणसाला थांबू देत नाही. पुढच्या मडगार्डपासून मागच्या टोकापर्यंत मी असा सलग हात फिरवला की कुठे खाच नाही, कुठे उंचवटा नाही. मग चार दिवस पॉलिश पेपरने घासलं. त्याची पांढरी भुकटी अंगणभर उडाली आणि वाळत घातलेल्या कुरड्यांवर बसली. त्या कुरड्या लग्नघरी जायच्या होत्या. गोकुळाने पूर्ण बाज उचलून उकिरड्यावर उपडी केली आणि गाडीजवळ आली. मी वाट मोकळी करून दिली. म्हटलं, निदान काम तरी बघेल.

तिने बराच वेळ पाहिलं.

"दरवाजा कुठी गेला?"

मी पाहिलं. डावीकडे दरवाजा नव्हता. फट बुजली होती, बिजागऱ्या बुजल्या होत्या, कडी बुजली होती. दरवाजाच्या जागी एक सुंदर, गुळगुळीत भिंत होती.

"मजबुतीसाठी केलं," मी म्हणालो. (हे मला त्याच क्षणी सुचलं आणि दुसऱ्या क्षणी खरं वाटू लागलं.)

वर रेड ऑक्साइडचा एक हात आणि त्यावर हिरवा रंग ब्रशने मारला. लांबून पाहिलं तर जीप नवी दिसत होती. मी लग्नघरी सगळ्यांना लांबूनच दाखवली.

लग्न सकाळी लागलं. जेवणं आटोपून दुपारी बिदाई निघाली. प्रणितला पुढे डावीकडे बसवायचं होतं. शेरवानी, फेटा, हातात कट्यार. डाव्या बाजूला तो कडी शोधत हात फिरवू लागला.

"इकडून या," मी माझ्या बाजूचा दरवाजा उघडून म्हणालो. "डावीकडचा स्पेशल आहे."

नवरदेव गिअरच्या दांडीवरून पाय टाकून पलीकडे गेला. कट्यारीने माझा आरसा फुटला. आचल आणि पाठराखीण म्हणून गोकुळा मागून चढल्या. रडारड झाली, मी हॉर्न दिला आणि जीप तलावाच्या पाळीवर, बांधावरच्या रस्त्यावर, आली.

पाळीवर बैलगाड्यांनी पाडलेला एक खड्डा आहे. पुढचं चाक त्यात गेलं. मागचं चाक गेलं. मग एक आवाज झाला, छत कोसळल्यासारखा, आणि जीपची पूर्ण डावी बाजू, जाळीसकट, दरवाजासकट, एकाच तुकड्यात पाळीवर आडवी झाली.

धूळ बसली. प्रणित खुर्चीत बसावं तसा उघड्यावर बसला होता आणि त्याच्या मोजड्या सगळ्या वऱ्हाडाला दिसत होत्या. मागे गाडीच्या तळाला लावलेली लांबीही निखळून गेली होती.

"आत्या," आचल हळूच म्हणाली, "खाली रोड दिसून राह्यला."

वऱ्हाड पायी मागून येत होतं, ते थांबलं. नवऱ्याकडचे एक काका, साक्षगंधाला नसलेले देवराव, पुढे आले. त्यांनी पडलेली भिंत पायाने उलटी केली आणि आतल्या वर्तमानपत्रावरची बातमी वाचू लागले. आचलच्या डोळ्यांत पाणी आलं. बिदाईचं रडणं मघाशीच संपलं होतं. हे वेगळं होतं. पोरीचा दिवस मी नखाने खरवडून टाकला होता.

मुखरूमामा घराकडे वळले. पंधरा मिनिटांनी मासोळ्यांची जाळी ठेवायच्या झोपडीचे पत्रे खांद्यावर घेऊन आले, सोबत हातोडा, रिबिटांची पिशवी आणि डांबराचं टमरेल. धोतर खोचून पाळीवर बसले. त्यांनी ठोकलं, मी पत्रा धरला.

"दाबून धरा, जवाई. नाई, असं नाई. सोडा, गोकुळा धरते."

गोकुळाने शालू खोचून पत्रा धरला. तासाभरात खाली पत्रा, बाजूला पत्रा, सांध्यांना डांबर. दरवाजासुद्धा बसला, आणि तो उघडत होता. प्रणितने दोनदा उघडून पाहिला.

"मी येतो संग," मामाजी म्हणाले आणि मागे चढले. "मधात काई हाललं तं."

काही हाललं नाही. सूर्य मावळायच्या आत आम्ही आलापल्लीच्या पुढे प्रणितच्या घरी पोचलो. देवरावांनी डांबराच्या रेघांवरून हात फिरवला, मामाजींना मानाने खुर्ची दिली आणि खांद्यावर दुपट्टा टाकला. मीही बाजूला उभा राहिलो, खांदे जरा सरळ करून.

देवरावांनी माझ्याकडे वळून पाहिलं. तोंडावर धूळ, हाताला डांबर, सदऱ्यावर हिरवा रंग.

"भाऊ, ड्रायवर लोकायची पंगत मागं बसली हाय. जेवून घे."

मी गोकुळाकडे पाहिलं. ती आचलचा पदर नीट करण्यात गुंतली होती. फार मन लावून.

मागे मांडवाखाली बँडवाले आणि एक ट्रॅक्टरवाला जेवत होते. ट्रॅक्टरवाल्याने सरकून जागा दिली, माझ्या पत्रावळीत भाजी वाढायला लावली आणि आपुलकीने विचारलं, "तुहा मालक कसा हाय रे? तो दुपट्टेवाला बुढा?"

मी एक घास गिळला.

"मालक चांगला हाय," मी म्हणालो. "फक्त गाडीले हात लावू देत नाई मले."