सर्व्हिसवाली कोंबडी

दोन हजार तेवीस साल. मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. लंडनमधल्या वेम्बलीच्या बसस्टॉपवर आमचे शेजारी सप्रे काखेत कोंबडी घेऊन उभे होते. कोंबडीला निळं जाकीट, जाकिटावर इंग्रजी अक्षरं. माझी शाळा चौथीत सुटली, पण अक्षर लावता येतं मला. लावलं. सर्व्हिस.

“कुठं सर्व्हिसला आहे?” मी विचारलं.

“माझ्याकडे,” सप्रे म्हणाले. “पर्मनंट.”

बस आली. ड्रायव्हर म्हणाला, “ओन्ली डॉग्ज, सर.” असं जाकीट घालून आजारी माणसाला सोबत करणारी कुत्रीच बसमध्ये चालतात, असं त्याचं म्हणणं.

सप्रे म्हणजे जन्मभर कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, काउंटरवर बसून लोकांना नियम दाखवलेला माणूस. त्यांचं एकच ठरलेलं वाक्य, “कुठे लिहिलंय? दाखवा.” तेच त्यांनी इंग्रजीत ऐकवलं. ड्रायव्हरनं दार लावलं. मी बसनं गेलो, ते दोघं चालत.

कोंबडीचं नाव शकू. सप्रे पक्के शाकाहारी. शकूची अंडी रुमालात गुंडाळून मला आणून द्यायचे आणि तोंड फिरवून उभे राहायचे. मी खायचो. पण कोंबडीची जागा अंगणात, हे माझं मत. माझं मत बदलत नसतं.

दर गुरुवारी देवळाच्या हॉलमध्ये आम्हा म्हाताऱ्यांचं मंडळ जमतं. चहा, पत्ते आणि कुणाचा गुडघा जास्त दुखतो त्याची चुरस. सप्र्यांनी शकूला तिथं आणायची परवानगी मागितली. सेक्रेटरी कुमुदताई घुटमळल्या. मी उभा राहिलो.

“आज कोंबडी आली, तर उद्या म्हैस येईल!”

“म्हैस मांडीवर बसत नाही, दौलतराव,” सप्रे म्हणाले.

सगळे हसले. त्यामुळं मी जास्तच ओरडलो. परवानगी मिळाली नाही.

सप्रे तीन गुरुवार आले नाहीत. तिसऱ्या गुरुवारी संध्याकाळी बघतो तर त्यांचा कचऱ्याचा डबासुद्धा बाहेर नाही. डब्याच्या निमित्तानं मी बेल वाजवली.

त्यांनी चहा केला. घरात दूध नव्हतं. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतही हा माणूस गेला नव्हता.

“एवढा कसला राग?” मी म्हटलं.

“राग नाही हो. आमची ही, मालती, गेल्यापासून दाराबाहेर पाऊल टाकलं की छाती धडधडते. पाय उचलत नाहीत. मेलो असं वाटतं. शकू काखेत असली तरच जमतं, आणि तिला तर दुकानातही घेत नाहीत.”

“मग ही कोंबडी काय करते?”

त्यांनी शकूला माझ्या हातात दिलं. पिसांखाली गरम अंग, आणि आत काळीज असं उडत होतं की मीच घाबरलो.

“बघा,” सप्रे म्हणाले. “ती माझ्यापेक्षा जास्त भ्यायलेली असते. गाड्या, माणसं, सगळ्याला. मग मला तिला सांभाळावं लागतं. सांभाळता सांभाळता माझी धडधड थांबते.” शकूला परत घेत म्हणाले, “सर्व्हिस ती करत नाही, दौलतराव. मी करतो. तीस वर्षं मालतीची केली. आता करायला कुणी नाही.”

मी बिनदुधाचा चहा संपवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुमुदताईंना फोन लावला. म्हटलं, “चूक माझी झाली.”

पलीकडून ताई म्हणाल्या, “कोण बोलतंय?”

मी नाव सांगितलं, आणि गुरुवारसाठी माझ्या शेजारची खुर्ची त्या दोघांसाठी धरून ठेवायला सांगितली.