खालून वर वाचणारे मुजावर सर

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे असतील, तर मुजावर सरांचे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं. साताऱ्याच्या कॉलेजात त्यांनी मला प्रोग्रॅम लिहायला शिकवलं.

सर प्रोग्रॅम शेवटच्या ओळीपासून वर वाचायचे. "दुसऱ्या मशीनशी जोडणी उघडाय कुणालाबी येतंय. बंद कुठं केलीस ते दाव." ती ओळ नसली की कागद परत. लग्नपत्रिका दिली तरी विचारायचे, "मांडव कोण काढणार हाय?"

निवृत्तीनंतर ते सांगलीला आले. त्यांच्या पत्नी वारल्या होत्या, मुलगी परदेशात. मी तिथेच हळदीच्या सौद्यांचं, म्हणजे लिलावांचं, सॉफ्टवेअर करणाऱ्या छोट्या कंपनीत होतो. मालकांना विनवून सरांना प्रोग्रॅम तपासायला बसवलं. सर दहाला डबा घेऊन यायचे, खिडकीशी बसायचे. काम संपलं तरी सहापर्यंत हलायचे नाहीत.

"सर, घरी जा की."

"घरी भिंतीला शिकवू व्हय रं?"

यंदा हंगामात सौदा रंगात आला की एखाद्या व्यापाऱ्याची आमच्या मशीनशी असलेली जोडणी तुटायची. बोली पोचायचीच नाही. तीन दिवस आम्ही शिव्या खाल्ल्या. डोळे लाल, डोकं बधिर. मालक म्हणाले, "ज्याची चूक, तो घरी बसंल."

माझी आई, बहिणीचं शिक्षण, सगळं माझ्या पगारावर.

चौथ्या दिवशी सरांना सापडलं. मशीन प्रत्येक जोडणीला एक नंबर देतं. ती बंद झाली की तोच नंबर पुढच्या माणसाला. मी खात्रीसाठी प्रत्येक जोडणी दोनदा बंद करत होतो. दुसऱ्या वेळेपर्यंत त्या नंबरावर भलताच व्यापारी येऊन बसलेला.

"गड्या," सर हळूच म्हणाले, "पाव्हणा कवाच गेला. आता नव्याला का रं हाकलतोस?"

मालक आत आले. मी तोंड उघडणार, तोवर सर उठले. "ती दुसऱ्यांदा बंद करायची ओळ माझी, तपासताना मीच घातली. म्हातारपण, दुसरं काय."

"मग सर, उद्यापासून विश्रांती घ्या."

सरांनी डबा उचलला. मी मान खाली घालून उभा राहिलो. त्यानंतर ते फोन उचलेनात. पंधरा दिवसांनी मी त्यांना हे पत्र टाकलं:

आदरणीय सर,
सविनय नमस्कार. आज मालकांना खरं सांगितलं. गप्प राहून फार थकलो होतो. त्यांनी मला काढलं. तुम्हाला सोमवारपासून बोलावलं आहे. तुमची खुर्ची मी पुन्हा खिडकीशी ठेवून आलोय, तिथं वारा येतो. साताऱ्यात एका ठिकाणी मुलाखत आहे, माझी काळजी करू नका. मला दुसरं काम मिळेल, सर. तुम्हाला रोज जायला दुसरी जागा नाही. रागावला असाल तरी जा.
तुमचा,
संतोष